ताऱ्यांभोवतीची धूळ

सकाळची कोवळी उन्हे कौलांच्या फटीतून घरात उतरली, म्हणजे अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक तिरपा पट्टा उमटतो. त्यास आपण कवडसा म्हणतो. त्या कवडशात असंख्य धूलिकण संथपणे तरंगत असलेले दिसतात. कवडसा नसतो तेव्हाही ते कण तेथे असतातच; परंतु ते आपल्या दृष्टीस पडत नाहीत. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या अशा कणास जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘त्रसरेणु’ असे सुंदर नाव दिलेले आहे.

धूळ ही तशी क्षुद्र वस्तू. आपण ती झाडतो, पुसतो आणि घराबाहेर टाकतो. परंतु ह्याच क्षुद्र वस्तूने एका फार मोठ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामी माणसास साहाय्य केले आहे. तो प्रश्न असा : आपली पृथ्वी आणि तिची भावंडे असलेले इतर ग्रह जन्मास आले कसे? सूर्याच्या घरी हे जे घडले, ते इतर ताऱ्यांच्या घरीही घडत असेल काय?

पावसाळा सरून आश्विन महिना लागला, की आकाश निरभ्र होते. अशा वेळी रात्री साडेसातच्या सुमारास वायव्येकडे पाहिले, तर निळसर पांढऱ्या रंगाचा एक तेजस्वी तारा लक्ष वेधून घेतो. हा अभिजित होय. आपल्याकडे सत्तावीस नक्षत्रांच्या जोडीला अठ्ठाविसावे नक्षत्र म्हणून कधी कधी ह्याची गणना होते. त्याच वेळी आग्नेय दिशेस, जेथे दुसरे फारसे ठळक तारे नाहीत अशा भागात, एक तेजस्वी तारा एकटाच चमकत असतो. त्याचे नाव मीनास्य. आस्य म्हणजे मुख. दक्षिण मत्स्य नावाच्या तारकासमूहातील माशाच्या मुखाशी हा तारा आहे, म्हणून त्यास हे नाव पडले. हे दोन्ही तारे आपल्यापासून सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर आहेत. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो त्यास प्रकाशवर्ष म्हणतात, आणि ते अंतर सुमारे ९ लक्ष ४६ हजार कोटी किलोमीटर भरते. ह्यावरून २५ प्रकाशवर्षे म्हणजे केवढे अंतर ह्याची कल्पना करावी. तरीसुद्धा ताऱ्यांच्या जगात हे आपले शेजारीच म्हणावयाचे!

ह्या शेजाऱ्यांविषयीची एक नवलाची गोष्ट १९८३ साली उघडकीस आली. ती समजण्यासाठी प्रथम एका वेगळ्या प्रकारच्या किरणांची ओळख करून घेतली पाहिजे.

चुलीवरून नुकताच उतरवलेला तवा काळाच दिसतो. परंतु त्याच्याजवळ हात नेला, की धग लागते. तव्यातून काहीतरी बाहेर पडून आपल्या हातापर्यंत येत असते; मात्र डोळ्यांना ते दिसत नाही. हे अवरक्त किरण होत. इंद्रधनुष्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे त्यांचे स्थान असते. १८०० साली विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते अशा जागी, तापमापक ठेवला. तेथेही पारा चढला! अशा रीतीने ह्या किरणांचा शोध लागला. प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनुसार किरण बाहेर टाकीत असते. फार तप्त वस्तू डोळ्यांना दिसणारा प्रकाश देते, तर थंड वस्तू केवळ अवरक्त किरण देते. आपल्याला बर्फासारखी, किंबहुना त्याहूनही कितीतरी थंड वाटेल अशी वस्तूदेखील क्षीण अवरक्त किरण देतच असते.

आकाशातून येणारे हे किरण टिपण्यासाठी अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन ह्या तीन देशांनी मिळून जानेवारी १९८३ मध्ये ‘आयरास’ नावाचा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. पृथ्वीभोवतालच्या हवेतील बाष्प बहुतेक अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून हे काम हवेच्या वर जाऊनच करणे इष्ट होते. ह्या उपग्रहावरील दुर्बीण द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने शून्याखाली सुमारे २७० अंशांपर्यंत थंड ठेवलेली होती. असे का बरे केले असावे? दुर्बीण उबदार असती, तर ती स्वतःच अवरक्त किरण देत राहिली असती, आणि भर दुपारी काजवा शोधण्यासारखी शास्त्रज्ञांची स्थिती झाली असती. बरोबर नेलेला हेलियम संपेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, हा उपग्रह काम करीत राहिला.

दुकानदार तराजू वापरण्यापूर्वी ठाऊक असलेली वजने घालून तो पारखून पाहतो. त्याप्रमाणे ह्या दुर्बिणीची पारख करण्यासाठी शास्त्रज्ञांनी काही परिचित तारे निवडले होते. अभिजित हा त्यांपैकी एक. ह्या ताऱ्याची उष्णता व तेज पूर्वीच मोजलेले असल्यामुळे त्याच्यापासून किती अवरक्त किरण यावयास हवेत, हे गणिताने ठाऊक होते. परंतु हार्टमुट आउमान आणि फ्रेड जिलेट ह्या शास्त्रज्ञांस असे आढळले, की अधिक लांब लहरींचे अवरक्त किरण अपेक्षेहून कितीतरी पट अधिक येत आहेत. यंत्रात दोष असावा, असा संशय अशा वेळी प्रथम येतो. परंतु यंत्रात दोष असता, तर तो सर्वच ताऱ्यांच्या बाबतीत दिसला असता. आणि पारखीसाठी निवडलेले दुसरे तारे तर गणिताप्रमाणेच वागत होते. ह्याचा अर्थ, हे जादा किरण खरोखरच अभिजिताच्या आसपासच्या भागातून येत होते.

ते कोण पाठवीत होते? तारा स्वतः नव्हे. कारण त्याच्या पृष्ठभागावरील उष्णता नऊ हजार अंशांहून अधिक आहे. हे किरण शून्याखाली सुमारे १९० अंश उष्णतामान असलेल्या एखाद्या थंड वस्तूपासून निघाल्यासारखे होते. विचारान्ती एकच उत्तर संभवनीय ठरले : अभिजिताभोवती फार मोठ्या विस्तारात थंड धूळ पसरलेली आहे, आणि ताऱ्याच्या उन्हाने किंचित ऊब पावून ती हे किरण देत आहे. पुढे मीनास्य आणि इतर काही ताऱ्यांच्या बाबतीतही तसेच आढळून आले.

येथे एक शंका मनात येते. इतक्या दूरची धूळ दिसते, तर त्या ताऱ्यांभोवतीचे खडक आणि ग्रह का दिसू नयेत? धूळ तर त्यांहून लहान! ह्या कोड्याचे उत्तर खडूच्या एका तुकड्यात आहे. एक सेंटिमीटर बाजू असलेला खडूचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ मिळून ६ चौरस सेंटिमीटर होते. आता त्याचे एक मिलिमीटर बाजूचे लहान घन करा. असे एक हजार घन होतील, आणि त्यांच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर भरेल. खडू तेवढाच, परंतु त्याचा पृष्ठभाग दहापट झाला. तुकडे जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग अधिक. एक किलोमीटर व्यासाच्या खडकाचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण केले, तर त्यांचा पृष्ठभाग मूळ खडकाच्या दहा कोटी पट होईल! आणि प्रकाश अडवण्याचे, परतवण्याचे आणि ऊब बाहेर टाकण्याचे काम पृष्ठभागच करीत असतो. म्हणून दूरच्या ताऱ्याजवळील अखंड खडक लपून राहतो. पण तोच फुटून त्याचा चुरा झाला, की तो दिसू लागतो.

धूळ आहे हे कळले. पण तिचा आकार कसा आहे? ती ताऱ्याभोवती गोळ्यासारखी पसरली आहे, की चक्रासारखी? हे जाणण्यासाठी तिचे छायाचित्रच हवे होते. मात्र ताऱ्याच्या झगझगीत प्रकाशापुढे धुळीचे मंद तेज लोपून जाते. समोर प्रखर दिवा असला, म्हणजे त्याच्या बाजूचा माणूस नीट दिसत नाही. तेव्हा आपण तळहात आडवा धरून दिवा झाकतो. हीच युक्ती दुर्बिणीतही करता येते. सूर्याचे बिंब झाकून त्याच्या सभोवारचे प्रभामंडल पाहण्यासाठी बर्नार ल्यो ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास असे एक उपकरण तयार केले होते. त्याच तत्त्वावरील उपकरण घेऊन ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल ह्या दोघांनी १९८४ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या लास कॅम्पानास वेधशाळेतून एका ताऱ्याचे छायाचित्र घेतले. त्या ताऱ्याचे नाव बीटा पिक्टोरिस. हा चित्रफलक नावाच्या तारकासमूहात असून आपल्यापासून सुमारे ६३ प्रकाशवर्षे दूर आहे. माघ महिन्यात रात्री दक्षिणेकडे अगस्त्य तारा तेजाने तळपत असतो. त्याच्या पश्चिमेस जवळच हा मंद तारा आहे. आकाश काळेभोर असेल, तर तो महाराष्ट्रातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.

त्या छायाचित्रात झाकलेल्या ताऱ्याच्या दोन्ही अंगांस प्रकाशाची एक सरळ रेघ उमटली होती. धुळीची ती एक विशाल चपटी तबकडी होती; आपण तिच्या कडेकडून पाहत असल्यामुळे ती रेघेसारखी दिसत होती. थाळी डोळ्यांच्या पातळीत आडवी धरली, म्हणजे तिची केवळ कड दिसते, तसेच हे. पृथ्वी व सूर्य ह्यांच्यामधील अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. ही तबकडी ताऱ्यापासून त्याच्या चारशे पटींहूनही दूरवर पसरलेली आढळली. दुसऱ्या ताऱ्याभोवती अशी तबकडी माणसाने प्रथमच पाहिली.

तबकडीचा हा आकार पाहून शास्त्रज्ञांना एका जुन्या कल्पनेचे स्मरण झाले. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट ह्याने १७५५ साली आणि फ्रेंच गणिती लाप्लास ह्याने १७९६ साली असे मत मांडले होते, की सूर्य व ग्रह हे एकाच फिरत्या तेजोमेघापासून निर्माण झाले असावेत. असा मेघ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला, की त्याचे फिरणे वेगवान होते. फिरण्याच्या पातळीत त्याचे आकसणे वेगामुळे रोखले जाते; परंतु वरून आणि खालून येणाऱ्या द्रव्यास रोखणारे काही नसते. म्हणून मेघ चपटा होत जातो व मध्यभागी तारा आणि त्याच्याभोवती तबकडी असे रूप धारण करतो. सूर्याचे सर्व ग्रह जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेने प्रदक्षिणा का घालतात, ह्याचे कारण ह्या कल्पनेत सापडते.

तर मग बीटा पिक्टोरिसभोवतीची धूळ ही त्या मूळ मेघातील उरलेली धूळच असेल काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. परंतु थोडा विचार केला, की ह्या उत्तरातील अडचण ध्यानात येते.

खळ्यावर शेतकरी धान्य उफणतो, तेव्हा जड दाणे खाली पडतात आणि हलका भुसा वाऱ्याबरोबर उडून जातो. ताऱ्याच्या प्रकाशालाही असाच अत्यल्प रेटा असतो. धूमकेतूच्या धुळीची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेस वळते, ती ह्या रेट्यामुळेच. अगदी बारीक कण ह्या प्रकाशाच्या वाऱ्याने ताऱ्यापासून दूर उधळले जातात. जे कण त्याहून थोडे मोठे, त्यांची गत निराळी होते. पावसात धावणाऱ्या मुलाच्या तोंडावर पावसाच्या सरी समोरून येतात. त्याचप्रमाणे ताऱ्याभोवती धावणाऱ्या कणावर प्रकाश किंचित समोरून येऊन आदळतो व त्याचा वेग हळूहळू कमी करतो. तो कण घिरट्या घालीत ताऱ्याच्या अधिकाधिक जवळ जातो, आणि अखेरीस नाश पावतो. जॉन पॉइंटिंग ह्यांनी १९०३ साली ह्या परिणामाचा विचार प्रथम मांडला व १९३७ साली हॉवर्ड रॉबर्टसन ह्यांनी त्याचे गणित बिनचूक केले. पृथ्वीइतक्या अंतरावरील बारीक कण अशा रीतीने काही सहस्र वर्षांत सूर्याच्या भक्ष्यस्थानी पडतो.

बीटा पिक्टोरिस ताऱ्याचे वय सुमारे दोन कोटी वर्षे आहे, तर अभिजित आणि मीनास्य कोट्यवधी वर्षांचे आहेत. मूळ धूळ त्यांच्याभोवती इतका काळ टिकून राहणे शक्यच नाही. ती केव्हाच उडून किंवा जळून गेली असली पाहिजे. तरीही धूळ दिसते, ती कशी?

खेड्यात सांजवेळी गुरे रानातून परततात, तेव्हा वाटेवर धूळ उडते. आपण थोडे उशिरा पोहोचलो, तर गुरे वळणापलीकडे गेलेली असतात. पण हवेत तरंगणारी धूळ पाहून आपण ओळखतो, की कळप नुकताच येथून गेला. धूळ लवकर खाली बसते हे आपणास ठाऊक असते. म्हणूनच ती दिसणे हा कळपाचा पुरावा ठरतो. शास्त्रज्ञांनी नेमका हाच तर्क केला. धूळ टिकत नाही, तरीही ती दिसते. त्या अर्थी ती सतत नव्याने निर्माण होत आहे. आणि ती निर्माण होण्यासाठी, आपणास न दिसणारे असे असंख्य मोठे खडक व बर्फाचे गोळे त्या ताऱ्यांभोवती फिरत असले पाहिजेत. ते एकमेकांवर आदळतात, फुटतात, त्यांच्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात आणि शेवटी त्यांची धूळ होते. घर बांधून झाल्यावर आसपास विटांचे तुकडे, चुना आणि माती पडून राहते, तशी ग्रहांच्या बांधकामानंतर मागे उरलेली ही सामग्री होय. म्हणून धुळीच्या अशा तबकडीस ‘अवशेष-तबकडी’ असे म्हणणे शोभते.

ह्याहून तरुण ताऱ्यांभोवती मात्र मूळ मेघाचीच तबकडी अद्याप शिल्लक असते. तीत धुळीपेक्षा वायू कितीतरी अधिक असतो. चिली देशातील आटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५००० मीटर उंचीवर ‘आल्मा’ नावाची वेधशाळा आहे. तेथे ६६ थाळ्यांसारख्या दुर्बिणी एकजुटीने काम करतात. २०१४ साली त्यांनी वृषभ राशीतील एच. एल. टॉरी ह्या अगदी बाल ताऱ्याच्या तबकडीचे चित्र घेतले. त्या तबकडीत एकात एक अशी अनेक वर्तुळाकार कडी आणि त्यांच्यामध्ये काळे पट्टे दिसले. तेथे ग्रह आकार घेत असावेत, असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा समज आहे. साधारणपणे एक कोटी वर्षांच्या आत अशा तबकडीतील वायू नाहीसा होतो. त्यानंतर जे उरते ते अवशेषांचे राज्य.

परंतु अवशेष-तबकडीतही थोडा वायू सापडतो. २०१४ सालीच ‘आल्मा’ने बीटा पिक्टोरिसभोवती कार्बन मोनॉक्साइड वायू असल्याचे दाखवून दिले. ताऱ्यांच्या प्रकाशाने हा वायू शंभर-सव्वाशे वर्षांतच विघटित होतो. म्हणजे धुळीविषयी जो तर्क केला, तोच येथेही लागू पडतो : बर्फाने भरलेले गोळे तेथे आजही फुटत आहेत आणि त्यांच्यातून हा वायू मोकळा होत आहे.

धुळीच्या ह्या चक्रांकडे बारकाईने पाहिले, तर न दिसणाऱ्या ग्रहांचाही माग काढता येतो. ग्रह आपल्या गुरुत्वाकर्षणाने आसपासची धूळ व खडक हुसकून लावतो, कड्यांच्या कडा रेखीव करतो, कधी तबकडीस बाक आणतो. बीटा पिक्टोरिसच्या तबकडीचा आतील भाग असाच किंचित कललेला आढळला होता. एखादा मोठा ग्रह तेथे असावा, असे गणित सांगत होते. पुढे आन-मारी लाग्रांज ह्या फ्रेंच विदुषी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी चिलीमधील मोठ्या दुर्बिणीतून २००३ साली घेतलेल्या चित्रात ताऱ्याच्या एका बाजूस प्रकाशाचा लहानसा ठिपका पाहिला. तो ग्रह, की मागे दूरवर असलेला दुसराच तारा? त्यांनी घाई केली नाही. २००९ साली तोच ठिपका ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूस दिसला, तेव्हा तो ताऱ्याभोवती फिरत असल्याचे सिद्ध झाले. आपल्या सूर्यापासून शनी साधारण जितका दूर आहे, तितक्या अंतरावर फिरणारा तो एक प्रचंड ग्रह आहे. त्यानंतर त्याच ताऱ्याजवळ आणखी एक ग्रह सापडला आहे.

मीनास्याच्या बाबतीत मात्र निराळाच प्रकार घडला. ह्या ताऱ्याभोवती धुळीचे एक रेखीव कडे आहे. पॉल कॅलास व त्यांच्या सहकाऱ्यांना हबल दुर्बिणीने २००४ व २००६ साली घेतलेल्या चित्रांत ह्या कड्याजवळ सरकणारा एक ठिपका आढळला. २००८ साली हा ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेव्हा सर्वत्र आनंद झाला. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. हा ठिपका साध्या प्रकाशात दिसे, परंतु एवढ्या ग्रहापासून जे अवरक्त किरण यावयास हवेत, ते काही केल्या मिळत नसत. पुढील चित्रांत तो अधिकाधिक फिकट आणि विस्तृत होत गेला, आणि २०१४ सालच्या चित्रात तर तो दिसेनासाच झाला! ग्रह काही असा विरून जात नाही. २०२० साली आन्द्राश गास्पार आणि जॉर्ज रीके ह्यांनी सर्व चित्रे पुन्हा तपासून असे दाखवले, की तो ग्रह नसून धुळीचा पसरत जाणारा ढग असावा. सुमारे २०० किलोमीटर व्यासाचे दोन बर्फाळ गोळे एकमेकांवर आदळून तो ढग निर्माण झाला असावा. ग्रह हातचा गेला, म्हणून हळहळ वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या टकरींचा आजवर केवळ तर्क केला होता, तिची धूळ प्रत्यक्ष पसरताना पाहावयास मिळाली, हा लाभ काही थोडा नव्हे. शास्त्रात आवडत्या कल्पनेपेक्षा पुराव्याचा मान मोठा असतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये जेम्स वेब ही अवरक्त किरण पाहणारी मोठी दुर्बीण अवकाशात गेली. तिने २०२३ साली मीनास्याभोवती एक नव्हे, तर एकात एक अशी तीन कडी असल्याचे दाखवले. सर्वांत बाहेरचे कडे ताऱ्यापासून सुमारे २३०० कोटी किलोमीटर दूर आहे. ह्या कड्यांमधील मोकळ्या जागा न दिसणाऱ्या ग्रहांनी राखल्या असाव्यात, असे वाटते. मग अभिजित? तो मीनास्याइतकाच दूर आणि बराचसा त्याच्यासारखाच. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत अभिजिताची तबकडी आश्चर्य वाटावे इतकी सपाट व एकसारखी आढळली. मोठ्या ग्रहांची चाहूल तीत लागत नाही. दोन सारख्या ताऱ्यांच्या घरी असा भेद का असावा, हे कोडे अजून सुटलेले नाही.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. सूर्याभोवतीही अवशेष-तबकडी आहेच! मंगळ आणि गुरू ह्यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. गुरूच्या प्रबळ ओढीमुळे तेथील खडकांचा एक ग्रह होऊ शकला नाही. नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ गोळ्यांचा दुसरा पट्टा आहे. प्लूटो हा त्यांतलाच एक. प्लूटो व त्याचा उपग्रह सोडून ह्या पट्ट्यातील पहिला गोळा डेव्हिड ज्युइट आणि जेन लू ह्यांनी १९९२ साली शोधून काढला. लघुग्रहांच्या टकरींतून आणि धूमकेतूंच्या शेपट्यांतून निघालेली धूळ आजही ग्रहांच्या पातळीत पसरलेली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, चंद्र नसलेल्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन संधिप्रकाश मावळल्यावर पश्चिमेकडे पाहावे. क्षितिजापासून वर चढत गेलेला एक फिकट, निमुळता प्रकाश दिसतो. त्यास राशिचक्र-प्रकाश म्हणतात. सूर्याच्या उन्हात उजळलेली आपल्याच तबकडीची ती धूळ होय. तिच्यातील काही कण दररोज पृथ्वीवर येऊन पडत असतात. उल्का म्हणून क्षणभर चमकून जातात, ते ह्यांचेच थोडे मोठे सोबती.

टकरींच्या खुणाही आपल्याजवळ आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या ज्या वर्तुळाकार विवरात आहे, ते अवकाशातून येऊन आदळलेल्या एका अशनीने काळ्या कातळात पाडलेले आहे. चंद्राचा चेहरा तर अशा विवरांनी भरून गेला आहे. इतकेच नव्हे, तर सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल बाल पृथ्वीवर आदळला आणि त्या वेळी उधळलेल्या द्रव्यापासून चंद्र बनला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या काळी कोणी दूरच्या ताऱ्यावरून सूर्याकडे पाहिले असते, तर त्यास सूर्याभोवतीही धुळीची दाट तबकडी उजळलेली दिसली असती.

ह्यावरून ध्यानात येईल, की बीटा पिक्टोरिसकडे पाहणे म्हणजे एका अर्थी आपल्याच बालपणाकडे पाहणे होय. पृथ्वीचा जन्म पाहावयास कोणी साक्षीदार नव्हता आणि तो काळ परत येणार नाही. परंतु आकाशात निरनिराळ्या वयांचे तारे आहेत. कोणाभोवती वायूचे मेघ अद्याप फिरत आहेत, कोणाभोवती खडक फुटत आहेत, तर कोणाभोवती सारे शांत झाले आहे. एखाद्या गावात तान्ह्या मुलापासून वृद्धापर्यंत सर्वांस एकाच दिवशी पाहून माणसाच्या आयुष्याचा क्रम समजावा, तसा ह्या ताऱ्यांकडे पाहून ग्रहमालेच्या आयुष्याचा क्रम जुळवता येतो. २०२५ सालापर्यंत इतर ताऱ्यांभोवती सहा हजारांहून अधिक ग्रह सापडले आहेत. त्यांपैकी एखाद्यावर जीव असेल काय, हे अद्याप कोणास सांगता आलेले नाही. ते शोधून काढण्याचे काम पुढील पिढीकडे आहे. आज शाळेच्या बाकावर बसून गणित आणि विज्ञान शिकणारी मुलेमुली हीच ती पिढी होय.